चोडणच्या चिखलाची वही सुरू करा: वनखात्याला एक खुलं पत्र

प्रति,
मा. वनमंत्री, मा. मुख्य वन्यजीव रक्षक आणि गोवा वनखात्यातले सगळे अधिकारी,

नमस्कार.

मी चोडणचा. रोज सकाळची फेरीबोट पकडून रायबंदरला उतरतो आणि तिथून पणजीला कामाला जातो, गेली बावीस वर्षं हेच चाललंय. फेरीत उभं राहिलं की उजव्या हाताला सलीम अली पक्षी अभयारण्याची खारफुटी दिसते, भरती असेल तर नुसते शेंडे पाण्यावर, ओहोटी असेल तर चिखल, मुळं आणि त्यात पाय रोवून उभे बगळे. बावीस वर्षं बघतोय म्हणून मला वाटायचं की हे जंगल मला पाठ आहे. गेल्या जानेवारीत कळलं की मला त्यातलं काहीच नीट माहीत नाही, आणि माझ्यासारखंच इतरांचंही आहे, म्हणून हे पत्र.

तुम्हाला माहीत असलेलंच थोडं लिहितो, कारण पत्र खुलं आहे आणि वाचणाऱ्यांतले अर्धे लोक चोडणला कधी उतरलेले नसतील. मांडवी नदीतल्या आमच्या बेटाच्या पश्चिम टोकाला १७८ हेक्टर खारफुटीला १९८८ मध्ये अभयारण्य जाहीर केलं, सलीम अली त्याच्या आदल्या वर्षी वारले होते, त्यांचं नाव दिलं. गोव्यातल्या बाकी अभयारण्यांसमोर हे एवढंसं. म्हादई, खोतीगाव, भगवान महावीर यांच्या नकाशात आमचं टोक बोटाच्या नखाएवढं दिसतं. बहुतेक म्हणूनच ते 'एक तासात बघून होणारी जागा' झालंय, पाट्यांवर आणि माहितीपत्रकांतसुद्धा तसंच लिहिलेलं असतं. फेरी, गेट, तिकीट, पायवाट, मनोरा, फोटो आणि परत फेरी.

आता जानेवारीची गोष्ट. माझी भाची एमएस्सी करते, विषय खेकडे. म्हणजे आपण खातो त्या कुर्ल्या नव्हेत, चिखलात बोटाच्या पेराएवढे जे असतात, ज्यांच्या नराची एक नांगी भलतीच मोठी असते आणि ती तो सारखी वर-खाली हलवत असतो, ते. परवानगी रीतसर काढलेली होती. मी सुट्टी टाकून सोबतीला गेलो. ती एक मीटर बाय एक मीटरची पीव्हीसी पाइपची चौकट चिखलावर टाकायची, आतली बिळं मोजायची, लिहायची, पुढे सरकायची. गुडघाभर चिखल, वर ऊन, आणि ही मुलगी पाच तास वाकून भोकं मोजतेय. मला आधी समजेना की यातून निघणार काय. मग तिने सांगितलं की हे खेकडे रात्रंदिवस चिखल उकरतात, त्या बिळांतून हवा आणि पाणी खाली मुळांपर्यंत जातं, पडलेली पानं ते बिळात ओढून नेतात आणि खातात, आणि ते नसतील तर खालचा चिखल घट्ट, काळा, गुदमरलेला राहतो, झाडाची वाढ खुंटते. म्हणजे बिळं किती यावरून जंगलाची तब्येत कळते. नाडी बघितल्यासारखं.

मग तिने मला विचारलं, "मामा, दहा वर्षांपूर्वी इथे किती असायची?"

मी काय सांगणार. मी म्हटलं, जास्त असतील बहुतेक. ती हसली नाही, तिने ते लिहिलंही नाही, कारण 'जास्त असतील बहुतेक' हे लिहिता येत नाही. नंतर तिने जुन्या नोंदी शोधायला सुरुवात केली. कोणीतरी सांगितलं की अमुक ठिकाणी एका जुन्या विद्यार्थ्याच्या वह्या ठेवलेल्या होत्या, चोडणच्याच चिखलाच्या, बऱ्याच वर्षांपूर्वीच्या. ती गेली. कपाट बदललं तेव्हा त्या रद्दीत गेल्या असं तिला सांगण्यात आलं. त्या माणसाने उन्हात पाच पाच तास वाकून जे मोजलं असेल ते किलोच्या भावाने गेलं. मी जागेचं नाव घेत नाही, घेऊन उपयोग नाही, कारण ती सवय एका जागेची नाही, आपल्या सगळ्यांची आहे.

मला हे फार लागलं, खरं सांगतो. आमच्या घरी अजून सांगतात की देवकीकृष्ण मूळचा चोडणचा, पोर्तुगिजांच्या काळात त्याला इथून हलवलं आणि तो शेवटी माशेलला स्थिरावला, आणि अजून आम्ही मालिनी पौर्णिमेला माशेलला जातो तेव्हा 'आमचा देव' म्हणूनच जातो. चारेकशे वर्षांपूर्वीची गोष्ट पिढ्यांनी तोंडी जपून ठेवली आणि दहा वर्षांपूर्वीचा चिखल कोणाच्या लक्षात नाही.

आता तुम्ही म्हणाल एवढ्याशा जागेतून कसलं मोठं संशोधन होणार. म्हणून एक उदाहरण देतो, भाचीनेच सांगितलेलं, मग मी स्वतः वाचलं. पॅसिफिक समुद्रात गॅलापागोस बेटं आहेत, त्यातलं डॅफ्ने मेजर नावाचं एक बेट फक्त ३४ हेक्टरचं आहे. आमच्या अभयारण्याचा पाचवा हिस्सा! राहायला घर नाही, प्यायला पाणी नाही. पीटर आणि रोझमेरी ग्रँट या नवरा-बायकोने १९७३ पासून तिथल्या फिंच पक्ष्यांना पकडून, पायात रंगीत कडी घालून, चोची मोजून सोडायला सुरुवात केली. १९७७ मध्ये दुष्काळ पडला, बारीक बी संपलं, मोठं टणक बी तेवढं उरलं, आणि ज्यांची चोच दणकट तेच पक्षी जास्त करून जगले, पुढची पिल्लंही मोठ्या चोचीची निघाली. उत्क्रांती लाखो वर्षांत होते असं आपण शाळेत शिकलो, ती यांनी मोजपट्टीने दोन-चार वर्षांत पकडली, कारण दुष्काळाच्या आधीची मापं त्यांच्या वहीत होती. दुष्काळ पडल्यावर धावत गेले असते तर हाताला काही लागलं नसतं. आणि ते तिथे थांबले नाहीत, दरवर्षी जात राहिले, चाळीस वर्षं.

पनामात बॅरो कोलोरॅडो नावाचं बेट आहे, कालव्यासाठी नदी अडवली तेव्हा टेकडीचं बेट झालं, १९२३ पासून राखीव आहे. तिथे ५० हेक्टरात बोटाएवढ्या जाडीच्या झाडापासून प्रत्येक झाडाला नंबर आहे आणि साधारण दर पाच वर्षांनी सगळी परत मोजतात. जगभरातले जंगलाचे अभ्यासक त्या आकड्यांवर काम करतात. बेट का, तर बेटाला कड असते. काय आत आलं काय बाहेर गेलं ते धरता येतं.

आणि आमचं बेट तर नदीच्या मुखाजवळचं, इथे जे चालतं ते डॅफ्नेवरही नाही. पावसाळ्यात घाटावरचं सगळं पाणी मांडवीतून खाली येतं, आमच्या धक्क्याजवळचं पाणी तोंडात घेतलं तर मीठ जवळपास लागत नाही, आणि एप्रिल-मे मध्ये तेच पाणी समुद्राएवढं खारट. भरती नदीतून आत पन्नासेक किलोमीटर, गांजेपर्यंत चढते. म्हणजे एकाच झाडाला वर्षात दोन वेगवेगळ्या नद्या प्याव्या लागतात. तिवराची पानं मे महिन्यात चाटून बघा, मीठ लागतं, झाड ते पानातून बाहेर टाकतं. कांदळाचं बी झाडावर असतानाच रुजतं, हातभर लांब कोंब लोंबकळत राहतो आणि तयार झाला की खाली पडून चिखलात उभा घुसतो नाहीतर भरतीबरोबर दुसरीकडे जातो. लहानपणी आम्ही ते कोंब भाले म्हणून खेळायचो. कुठलं झाड कुठे उभं राहणार, पाण्याच्या कडेला की मागे बांधाजवळ, हे मिठावर आणि दिवसातून किती तास पाण्यात राहायचं यावर ठरतं, म्हणून खारफुटीची रांग बदलली की समजायचं नदी बदलली.

इथेच माझा मुख्य मुद्दा आहे आणि तो तुम्ही कृपा करून नीट वाचा. मांडवी म्हणजे म्हादईच. पाण्याच्या वाटपावरून आपण कर्नाटकाशी किती वर्षं भांडतोय, लवादाचा निवाडा ऑगस्ट २०१८ मध्ये आला, कर्नाटकाला १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं, ते आपल्याला मान्य नाही, केस सुप्रीम कोर्टात आहे. आपण सगळे म्हणतो की वरचं गोडं पाणी कमी झालं तर खाली खारट पाणी आत घुसणार, मासळी, शेती, खारफुटी सगळ्यावर परिणाम होणार. बरोबरच आहे. पण कोर्टात 'परिणाम होणार' म्हणून चालत नाही, आधी काय होतं आणि आता काय आहे ते दाखवावं लागतं, तारखेसकट. आणि ते दाखवायला मांडवीच्या खालच्या टोकाला कायद्याने राखलेली, बांधकामाविना राहिलेली, पाण्यात उभी असलेली एकच अशी जागा तुमच्या ताब्यात आहे. चोडण. तिथे रोजचं मीठ, रोजची पाण्याची पातळी, दर वर्षीची झाडांची जाडी, दर महिन्याचे पक्षी एवढं जरी आजपासून लिहायला लागलो तर वीस वर्षांनी गोव्याच्या हातात कागद असेल. तेव्हा सुरू करतो म्हटलं तर उशीर झालेला असेल.

खाणींचंही तसंच. आमच्या पिढीने मांडवीत खनिजाच्या बार्जची रांग बघितलीय, फेरीला थांबून वाट द्यावी लागायची. २०१२ मध्ये खाणी थांबल्या, मग थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये कोर्टाने परत थांबवल्या. ती सगळी लाल माती कुठे गेली? बरीच समुद्रात, पण खारफुटीच्या मुळांत पाणी मंद होतं आणि गाळ बसतो, थरावर थर. शास्त्रज्ञ लोक त्यात पाइप ठोकून अखंड कांडी काढतात आणि शिशाच्या एका प्रकारावरून, शिसं-२१० म्हणतात त्याला, जे साधारण बावीस वर्षांत निम्मं होतं, कुठला थर कुठल्या सालचा ते सांगतात. म्हणजे कोणी लिहिलं नाही ते चिखलाने लिहून ठेवलंय. फक्त तो चिखल कोणी खणला नाही, हलवला नाही, त्यावर भराव टाकला नाही तर. अशी न हललेली जागा मांडवीच्या काठावर दिवसेंदिवस कमी होत चाललीय हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आणि आमची खाजनं, म्हणजे बांध घालून नदीच्या खाऱ्या पाण्यापासून राखलेली शेतं. हे मी शेतकऱ्याचा मुलगा म्हणून लिहितो. मातीचा बांध, त्यात मानस म्हणजे पाण्याची वाट, मानशीची लाकडी दारं भरतीच्या दाबाने आपोआप बंद होतात आणि ओहोटीला उघडतात, वीज नाही, मोटर नाही, शेकडो वर्षं चाललेलं इंजिनिअरिंग. आत कोरगुट भात, जे खारट जमिनीत तग धरतं. नदीपलीकडे जुन्या गोव्यात एलाच्या कृषी संशोधन केंद्राने याच कोरगुटातून निवड करत गोवा धान १, गोवा धान २ अशी वाणं काढली, म्हणजे आमच्या आजोबांच्या बियाण्यात विज्ञान होतंच, कोणीतरी मोजून बघितलं म्हणून ते बाहेर आलं. आता बांध फुटतात, दुरुस्त करायला माणूस मिळत नाही, पडीक खाजनात खारफुटी शिरते. काही लोक म्हणतात शेती गेली, काही म्हणतात जंगल वाढलं, दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण समुद्र चढत जाईल तशी खारफुटीला मागे सरकायला जागा हवी आणि मागे बांध उभा असेल तर ती दोन्हीकडून चेपली जाणार. किती बांध ठेवायचे, कुठे जंगलाला वाट द्यायची, हे पंचायतीच्या मीटिंगमध्ये आरडाओरडा करून ठरणार नाही, माझ्या गावची मीटिंग मी बघितलीय. आकडे समोर आले तर निदान भांडण मुद्द्याचं होईल.

भोम, दुर्भाटकडे पौषातल्या अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात, मानगे थापणी. खाजनातल्या माणसाने मगरीला शत्रू नाही मानलं, बांधाची राखणदार मानलं. कुंभारजुव्याच्या कालव्यात आजही मगरी आहेत, गोड्या पाण्याच्या जातीच्या, आणि तरी भरतीच्या खारट पाण्यात राहतात, तोच एक केवढा मोठा अभ्यासाचा विषय आहे! चोडणला पाणमांजरं आहेत, बांधावर त्यांची विष्ठा दिसते, माशांच्या खवल्यांनी भरलेली, त्या विष्ठेवरून ती काय खातात ते कळतं, म्हणजे नदीत कुठली मासळी आहे ते कळतं. जाळं न टाकता.

पक्ष्यांबद्दल कमी लिहितो कारण त्याबद्दल तुम्ही ऐकलेलं असतं. फक्त दोन खंड्यांबद्दल सांगतो. पांढऱ्या कॉलरचा निळा खंड्या, कॉलर्ड किंगफिशर, भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर फार मोजक्या ठिकाणी दिसतो, त्याची आपल्या किनाऱ्यावरची एक वेगळी उपजातच आहे, आणि लांबून लोक चोडणला येतात ते त्याच्यासाठी. दुसरा काळ्या टोपीचा खंड्या, तो धोक्यातल्या जातींच्या जागतिक लाल यादीत आता 'असुरक्षित' वर्गात गेलाय. फोटो काढणारे दोघांचेही फोटो काढतात, ईबर्ड या पक्ष्यांच्या नोंदींच्या वेबसाइटवर टाकतात, चांगलंच आहे, देशातल्या पक्ष्यांचा अंदाज त्या नोंदींतूनच बांधला जातो. पण हौशी माणूस रविवारी येतो, डिसेंबरात येतो, खंड्या दिसला की परत जातो. जुलैच्या मुसळधार मंगळवारी कोण येणार? त्या मंगळवारीच कोणी नसतं आणि त्या मंगळवारचीच नोंद लागते. त्याच वाटेने, त्याच वेळेला, त्याच पद्धतीने, काही दिसलं नाही तर 'काही दिसलं नाही' असं लिहिणारा पगारी माणूस लागतो.

तुमच्या हातातला कायदा मी मुद्दाम काढून वाचला. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२, कलम २८, अभयारण्यात शिरायला मुख्य वन्यजीव रक्षक कुठल्या कारणासाठी परवानगी देऊ शकतात त्याची यादी आहे. पहिलं कारण वन्यजीवांचा अभ्यास. दुसरं फोटोग्राफी. तिसरं वैज्ञानिक संशोधन. पर्यटन चौथं आहे. कायदा लिहिणाऱ्यांनी अभ्यासाला सगळ्यात वर ठेवलं. मी पर्यटनाच्या विरोधात नाही, माझ्या गावातल्या कितीतरी घरांत त्यातून दोन पैसे येतात आणि ते यायलाच हवेत. पण आता रायबंदर-चोडण मार्गावर रो-रो फेरी आलीय, गाड्या एकावेळी जास्त येतात, आम्हाला सोय झाली हे खरं, त्याचबरोबर अभयारण्याच्या गेटपर्यंत पोहोचणारी माणसंही वाढणार. म्हणून हे आत्ताच ठरवायला हवं, गर्दी झाल्यावर नको.

मी काय मागतोय ते साधं आहे. अभयारण्याचा एक तुकडा असा ठेवा जिथे टुरिस्टची होडी, पायवाट, फोटोग्राफर कोणीच जाणार नाही, फक्त मोजणारी माणसं जातील, तीही ठरलेल्या दिवशी. त्या तुकड्यात आणि बाहेरच्या तुकड्यात सारखीच मोजमापं करा, म्हणजे माणसांच्या वावराने काय फरक पडतो तेही आपोआप कळेल. झाडांना नंबर द्या. पाण्याची पातळी आणि मीठ मोजणारं यंत्र धक्क्याला बसवा, ते काही अवकाशयान नाही. खारफुटीत नवीन बिल्डिंग नको, कृपा करून नको, गावात कितीतरी जुनी घरं बंद पडलीत, त्यातलं एक भाड्याने घ्या, दोन खाटा, एक मायक्रोस्कोप, एक फ्रीज, कपाट, आणि त्या कपाटाची किल्ली कोणाकडे आहे ते लिहून ठेवा. आजवरच्या ज्या काही नोंदी खात्याच्या फायलींत आहेत त्या स्कॅन करून सगळ्यांना वाचता येतील अशा ठेवा. दोना पावलाची समुद्रविज्ञान संस्था १९६६ पासून आहे, ताळगावच्या पठारावर विद्यापीठ आहे, एलाचं कृषी केंद्र तर नदीपलीकडेच, सगळे तासाभराच्या आत. जगात कितीजणांना एवढं जवळ मिळतं?

आणि मोजायला गावातली माणसं घ्या. हे मी भावाबंदांना काम मिळावं म्हणून लिहितोय असं वाटेल तर वाटू दे, तेही आहेच. पण माझे बाबा तिथी सांगितली की पाणी कुठल्या दगडापर्यंत चढेल ते सांगायचे, उधाण कधी, भांग म्हणजे कमी चढणारी भरती कधी, कुठल्या पाण्याला काळुंदर मासळी लागते, कुठल्या पाण्याला शेवटां, निवट्या हा चिखलातला मासा किती खोल जातो. ते गेले आणि त्यांच्याबरोबर ते सगळं गेलं, मला त्यातलं चार आणे येतं, माझ्या मुलाला एक पैसाही नाही. गावात अजून पाच-सहा म्हातारे आहेत ज्यांना ते येतं. त्यांच्या बाजूला एक शिकलेली मुलगी वही घेऊन बसली तर दोघांचंही काम होईल.

गावकऱ्यांनाही एक सांगायचंय, कारण हे पत्र तेही वाचणार. संशोधन आलं की उद्या जाळं टाकायला बंदी, परवा बांधावर जायला बंदी, ही भीती मला कळते, ती उगाच नाहीये, आपल्याला न विचारता बरंच काही ठरलेलं आपण बघितलंय. म्हणूनच म्हणतो आकडे तयार होताना आपली माणसं तिथे असू देत. जो मोजतो त्याचं ऐकावं लागतं.

मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ किनाऱ्याला घासून गेलं. दुसऱ्या दिवशी फेरीतून मी बघत होतो, मला वाटलं काही झाडं आडवी झालीत, शेजारी उभ्या माणसाला वाटलं ती आधीपासूनच तशी होती. आमच्यात पैज लागली आणि सोडवायला काही साधन नव्हतं.

येत्या अमावास्येच्या उधाणाला सकाळची ओहोटी खोल असेल, भाची चौकट घेऊन परत चिखलात उतरणार आहे, तिची परवानगी अजून चालू आहे. मी बांधावर वही धरून बसेन. तुमच्या खात्यातलं कोणी आलं तर बरं होईल, रेंजर असो की वरचा साहेब, एक माणूस मोजायला कमी पडतोय. गमबूट आमच्याकडे जास्तीचे आहेत.

तुमचा,
चोडणचा एक रहिवासी